वाचकांचे प्रश्न : घंटेनंतरचे दोन तास

गेल्या अंकात निवासी शाळांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. पालकांचीच पत्रे जास्त येतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रे मुलांनी स्वतः लिहिली आहेत, काही तर अभ्यासिकेत बसून, वहीच्या मधल्या पानावर. मी चोवीस वर्षे निवासी शाळेत गणित शिकवले आणि त्यांपैकी पंधरा वर्षे वसतिगृहाचा रेक्टर म्हणून मुलांबरोबर राहिलो. सकाळी फळ्यासमोर बसणारा मुलगा आणि रात्री दिवे मालवल्यावर कूस बदलणारा मुलगा हे दोघेही मी पाहिले आहेत. एकाला वगळून दुसऱ्याविषयी सल्ला देता येत नाही, हे मला फार उशिरा कळले. निवासी शाळेतला अभ्यास वर्गात सुरू होत असला, तरी तो तरतो की बुडतो हे वर्गाबाहेरच्या तासांत ठरते. पुढील उत्तरे वाचताना हे ध्यानात असू द्यावे. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी निवासी शाळेत सहावीत दाखल झाला. दर रविवारी फोनवर तो रडतो आणि ‘मला घेऊन जा’ एवढेच म्हणतो. पूर्वीच्या शाळेत तो नेहमी पहिल्या तिघांत असे. येथील पहिल्याच चाचणीत त्याचा क्रमांक एकोणतिसावा आला. शिक्षक म्हणतात, ‘रुळेल हळूहळू.’ आम्ही वाट पाहावी की त्याला परत आणावे? — एक आई

उत्तर : आपल्या पत्रात रडणे आणि गुण घसरणे या दोन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून आल्या आहेत. माझ्या अनुभवात त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, म्हणून आधी रडण्याविषयी लिहितो.

घरच्या आठवणीने व्याकूळ होणे हा हट्ट नाही आणि लाडावलेपणाही नाही. योहानेस होफर या तरुण वैद्यकाने १६८८ मध्ये बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात या अवस्थेला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी आहे. त्याने वर्णिलेल्या रुग्णांपैकी एक तर शिकण्यासाठी बर्नहून बाझलला आलेला विद्यार्थीच होता, आणि त्याला घरी न्यायला निघाल्यावर वाटेतच त्याच्या प्रकृतीला उतार पडू लागला होता. तो विद्यार्थी आपल्या मुलाहून वयाने मोठा होता. तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाचा दोन महिन्यांत जीव रमला नाही, तर त्याला कमकुवत समजण्याचे कारण नाही.

आता याचा गुणांशी संबंध पाहा. माणसाचे मन एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकते. शिक्षक फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करीत असताना मुलाचे अर्धे मन ‘आता घरी काय चालले असेल’ यात गुंतले असेल, तर छेद समान करण्याची पायरी कानावर पडूनही आत उतरत नाही. त्याची बुद्धी कमी झालेली नसते; नव्या गोष्टीला लागणारी जागा अडलेली असते. हे ओझे दिवसभर सारखे नसते. मैदानावर, प्रयोगशाळेत, जेथे हात गुंतलेले असतात तेथे ते हलके होते. दिवे मालवल्यावर, सकाळी जाग येण्याच्या पहिल्या क्षणी आणि घरच्या फोननंतरच्या तासात ते सर्वांत जड होते. म्हणजे आपण आठवड्यातून एकदा त्याचा जो आवाज ऐकता, तो त्याच्या आठवड्यातल्या सर्वांत हळव्या दहा मिनिटांतला असतो. फोनवर हुंदके देणारा मुलगा अर्ध्या तासाने चेंडूमागे धावताना मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्याचे रडणेही खरे होते व धावणेही.

माझ्या वसतिगृहात एका मुलाच्या ट्रंकेत आईने घडी घालून दिलेला टॉवेल होता. तो मुलगा रोज दुसराच, कधी कधी नीट न वाळलेला टॉवेल वापरी आणि हा ट्रंकेच्या तळाशी तसाच ठेवी, कारण एकदा वापरला की आईने घातलेली घडी मोडणार होती. जवळजवळ तीन महिने ती घडी मोडली नाही. चौथ्या महिन्यात एका सामन्यात भिजून आल्यावर त्याने घाईघाईने तोच टॉवेल ओढून काढला, डोके पुसले आणि खांद्यावर टाकून तो मित्रांबरोबर जेवायला निघून गेला. त्याच्या ते लक्षातही आले नाही. माझ्या मात्र आले, आणि त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी फोन करून ‘आता काळजी करू नका’ असे कळवले.

तेथवर पोहोचायला आपल्या मुलाला आपण दोन प्रकारे मदत करू शकता. पहिली म्हणजे, ‘सुट्टीपर्यंत राहा, नाही आवडले तर घेऊन येऊ’ असा वायदा करू नये. हे वाक्य पालक धीर देण्यासाठी बोलतात, परंतु त्या क्षणापासून मूल तेथे राहत नाही, ते फक्त दिवस मोजते. दुसरी म्हणजे, फोनवर ‘कसा आहेस?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण त्याला रडण्यावाचून दुसरे उत्तर त्याच्यापाशी नसते. बाकावर शेजारी कोण बसते, या आठवड्यात कोणत्या खेळात घेतले, चाचणीत कोणते गणित अडले, असे नेमके विचारावे. आणि घरचे सांगताना ‘तुझ्यावाचून घर खायला उठते’ असे चुकूनही म्हणू नये, मनात कितीही आले तरी. मुलाला आपल्या दुःखाबरोबर आईच्या दुःखाचेही ओझे वाहावे लागते.

क्रमांकाविषयी एक वेगळी गोष्ट सांगतो. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही आपली म्हण उलट्या बाजूनेही खरी आहे. हर्बर्ट मार्श या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिले की, सारख्याच कुवतीची दोन मुले असली, तर निवडक हुशार मुलांच्या शाळेतले मूल स्वतःला अभ्यासात कमी लेखते, कारण ते आपले मोजमाप शेजारच्या बाकावरून करते. आपल्या मुलाच्या वर्गातील बहुतेक मुले आपापल्या जुन्या शाळेत पहिल्या तिघांतलीच असतील. म्हणून क्रमांक बाजूला ठेवून उत्तरपत्रिका मागवावी. चुका समजुतीच्या आहेत, घाईच्या आहेत की प्रश्न सोडून दिले आहेत, हे पाहावे. कोरे सोडलेले प्रश्न जास्त असतील, तर ते मन ठिकाणावर नसल्याचे लक्षण आहे, आणि पुढच्या चाचणीत ते सहसा कमी होतात.

माझा सल्ला पहिले सत्र पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याचा आहे, पण डोळे मिटून नाही. त्याचे खाणे-झोपणे बिघडत चालले असेल, वजन उतरत असेल, दोन महिन्यांनंतरही एकाही मुलाचे नाव त्याच्या बोलण्यात येत नसेल, विशिष्ट व्यक्तीचे किंवा जागेचे भय वाटत असेल, किंवा ‘मला जगावेसेच वाटत नाही’ अशा अर्थाचे काही तो बोलला असेल, तर सत्राची वाट पाहू नये. त्याच दिवशी शाळेशी बोलावे आणि स्वतः जाऊन त्याला भेटावे. मूल परत आणावे लागले, तर त्यात कोणाचाही पराभव नाही. काही मुलांना दोन वर्षांनी जे सहज जमते, ते आज जमत नाही, इतकेच.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्याकडे रात्री दोन तास अभ्यासिका असते. मी पूर्ण वेळ पुस्तक उघडून बसतो, वाचतो, खाली रेघाही मारतो. पण दुसऱ्या दिवशी सरांनी विचारले की काहीच आठवत नाही. माझा मित्र माझ्याहून कमी वाचतो आणि त्याला जास्त गुण मिळतात. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? — नववीतील विद्यार्थी

उत्तर : नाही. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे की वाईट, हे ठरवण्याइतके काम तू तिला अजून दिलेलेच नाहीस. वाचताना माहिती डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती आठवावी लागत नाही. आणि तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, तेव्हा आपल्याला तो येतो असा समज होतो. ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. शाळेच्या गेटवरच्या माणसाचा चेहरा तू लगेच ओळखशील, पण डोळे मिटून त्याचे चित्र काढायला सांगितले तर अडशील.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि उरलेले तीनही वेळा तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. मात्र आठवड्याने घेतलेल्या चाचणीत चित्र पालटले. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के. अभ्यासिका संपताना ‘आज सगळे झाले’ असे जे तुला वाटते, ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीसारखे असते. सरांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी येतो आणि परीक्षा दोन महिन्यांनी.

म्हणून उद्यापासून एवढे करून पाहा. अभ्यासिकेची पहिली दहा मिनिटे कोणतेही पुस्तक उघडू नकोस. एक कोरा कागद घे आणि दिवसभरात प्रत्येक तासाला काय शिकवले, ते आठवेल तसे लिही. पहिल्या दिवशी तुला चार-पाच ओळींपलीकडे जाता येणार नाही आणि हे पाहून तू अस्वस्थ होशील. ती अस्वस्थता सहन कर, कारण आठवण्यासाठी डोक्याला जो ताण पडतो तोच उपयोगाचा आहे. मग पुस्तक उघड आणि सुटलेले मुद्दे दुसऱ्या शाईने त्याच कागदावर भर. दुसऱ्या शाईचा मजकूर हाच तुझा त्या रात्रीचा खरा अभ्यास. तोच कागद दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने बाजूला ठेवून पुन्हा आठवून पाहा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच अनेक प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले होते की, निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या, तर पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक कष्ट वाया जातात आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. अर्थपूर्ण धडा इतक्या झपाट्याने पुसला जात नाही. पण उजळणी लवकर व्हावी आणि नंतर ती अंतर ठेवून व्हावी, हा त्यातला धडा तुलाही लागू आहे.

गणिताला मी थोडा अधिक वेळ देतो, कारण तो माझा विषय आहे. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली की हात आपोआप चालतो, पण डोके थांबलेले असते. अकराव्या गणिताला कोणती रीत वापरायची हे आधीच्या दहांनी ठरवून दिलेले असते. परीक्षेत प्रश्न मिसळून येतात, आणि रीत निवडणे हेच तेथे अर्धे गणित असते. म्हणून चार जुनी, चार नवी, दोन भूमितीची अशी मिसळ स्वतः तयार करून सोडव. वेळ जास्त लागेल, चुकाही जास्त होतील. होऊ देत.

आणि एक गोष्ट, जी तू लिहिलेली नाहीस, पण वसतिगृहात राहतोस म्हणून विचारतो : सकाळच्या प्रार्थनेआधी तुझी वही फिरते का, किंवा दुसऱ्याची तुझ्याकडे येते का? वही तपासताना तिसऱ्या पायरीवरचे ऋण चिन्ह गळालेले एकच गणित मला एकदा सात वह्यांमध्ये सापडले. सातही मुलांनी ते पूर्ण उतरवले होते, आणि एकानेही उत्तर ताडून पाहिले नव्हते. मी त्यांना शिक्षा केली नाही. त्या रात्री अभ्यासिकेत सातही जणांना फळ्यापाशी बोलावले आणि प्रत्येकाने एकेक पायरी कारणासह समजावून सांगावी असे सांगितले. ज्याच्या वहीवरून सर्वांनी उतरवले होते, तो स्वतःच तिसऱ्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, ‘सर, येथे माझे चुकले आहे.’ निवासी शाळेचे सर्वांत मोठे धन हेच आहे की, रात्री साडेआठला अडलेले गणित विचारायला हाकेच्या अंतरावर चाळीस डोकी असतात. उतरवून घेण्यात ते धन वाया जाते. मित्राला ‘वही दे’ असे म्हणण्याऐवजी ‘ही पायरी का?’ असे विचार, आणि तुला जे येते ते त्याला समजावून सांग. समजावताना आपल्याला काय येत नाही हे जितके लख्ख दिसते, तितके दुसऱ्या कशातूनही दिसत नाही.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात साडेदहाला दिवे बंद होतात आणि पाचला उठवतात. मी अकरावीत आहे आणि अभ्यासक्रम पुरा होत नाही, म्हणून पांघरुणात बॅटरी लावून एक वाजेपर्यंत वाचते. रविवारी दुपारपर्यंत झोपते. हे चालेल का? — अकरावीतील विद्यार्थिनी

उत्तर : चालणार नाही, आणि यातला निम्मा दोष तुझा नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना दिवसाकाठी आठ ते दहा तास झोप हवी, आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास. साडेदहा ते पाच हे साडेसहाच तास होतात. म्हणजे तुझी बॅटरी बंद केली, तरी शाळेचे वेळापत्रकच तुला दीड तास कमी झोप देते. त्यातच किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. रात्री लवकर डोळ्याला डोळा लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. हा आळस नसून त्या वयाचा शरीरधर्म आहे. ज्या शाळा शिस्तीच्या नावाखाली पहाटे घंटा वाजवतात आणि पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना उभे करतात, त्यांनी हे शांतपणे तपासून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी रेक्टर असताना पहाटेचा व्यायाम संध्याकाळी हलवायला मला चार वर्षे लागली, आणि ते आधी का केले नाही याची खंत आजही वाटते.

तुझ्या हातात जे आहे ते असे. दिवसभर शिकलेले पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेत चालते, त्यामुळे रात्री एक वाजेपर्यंत वाचून तू जे मिळवतेस, त्यातले बरेचसे त्याच रात्री गमावतेस. आठवडाभर चार तास झोपून रविवारी दुपारपर्यंत झोपले, तर शरीराचे घड्याळ आणखी बिघडते आणि सोमवारची पहाट आणखी जड जाते. रविवारी तासाभरापेक्षा जास्त उशीर करू नकोस. दुपारी मोकळा वेळ असेल, तर वीस मिनिटे पडून राहा. आणि अभ्यासक्रम का पुरा होत नाही, हे आठवडाभर खरेपणाने लिहून काढ : किती वेळ प्रयोगवह्या सजवण्यात जातो, किती खोलीतल्या गप्पांत, किती न कळलेला भाग पुन्हा पुन्हा वाचण्यात. तो कागद घेऊन वर्गशिक्षिकांकडे जा. ‘मला वेळ पुरत नाही’ या तक्रारीला उत्तर देणे कठीण असते. ‘रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीला आठवड्यात सहा तास जातात’ या तक्रारीवर काहीतरी करता येते.

प्रश्न : आठवीतला माझा मुलगा सुट्टीत घरी आला असता त्याने सांगितले की, वरच्या वर्गातील दोन मुले त्याच्याकडून कपडे धुऊन घेतात, अभ्यासिकेच्या वेळी त्यांच्या वह्या लिहायला लावतात आणि नकार दिला तर रात्री झोपू देत नाहीत. ‘सगळ्यांनाच करावे लागते, कोणाला सांगू नका’ असे त्याने शपथ घालून सांगितले आहे. — एक वडील

उत्तर : ही शपथ आपण पाळू नये. त्याला खोटे पाडण्याची किंवा न सांगता मागून हालचाल करण्याची मात्र गरज नाही. ‘तू मला सांगितलेस ते बरोबर केलेस, आता हे मोठ्यांचे काम आहे, आणि मी काय करणार आहे ते तुला आधी सांगेन’ असे त्याला स्पष्ट सांगावे. चहाडी आणि मदत मागणे यांतला फरक मुलांना समजावून द्यावा लागतो, कारण वसतिगृहात या दोन्हींना एकच नाव देण्यात त्रास देणाऱ्यांचा फायदा असतो.

‘सगळ्यांनाच करावे लागते’ हे वाक्य फार जुने आहे. इंग्लंडमधील मोठमोठ्या निवासी शाळांत लहान मुलांनी मोठ्यांची कामे करण्याची ‘फॅगिंग’ नावाची पद्धत कित्येक पिढ्या उघडपणे चालत होती, आणि ती मुलांना घडवते असे तिचे समर्थन केले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती त्याच शाळांनी बंद केली. जे स्वतः सोसले ते पुढच्यांनीही सोसावे, या हिशेबावर ती टिकून होती. आपल्या मुलाला छळणाऱ्या दोघांनाही कदाचित कोणी तरी असेच राबवले असेल. त्यामुळे त्यांचे वागणे समजते, पण क्षम्य ठरत नाही.

मुख्याध्यापक आणि रेक्टर या दोघांनाही लेखी पत्र द्यावे. त्यात विशेषणे नसावीत. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे, काय घडले एवढेच असावे. त्या दोन मुलांशी किंवा त्यांच्या पालकांशी आपण परस्पर बोलू नये, कारण आपण निघून गेल्यावर रात्र आपल्या मुलाला तेथेच काढायची असते. शाळेला तीन प्रश्न विचारावेत : दिवे मालवल्यानंतर मजल्यावर कोण मोठे माणूस असते, माझ्या मुलाची झोपण्याची जागा कधी बदलणार, आणि त्याने तक्रार केल्यावर त्याच्यावर सूड उगवला जात नाही ना, हे कोण आणि किती दिवसांनी पाहणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, किंवा ‘मुले मस्ती करतातच’ असे उत्तर आले, तर मी स्वतः माझ्या मुलाला त्या वसतिगृहात परत पाठवणार नाही. पंधरा वर्षे रेक्टर राहिलेला माणूस म्हणून हे लिहिताना मला दुःख होते, परंतु मजल्यावर रात्री मोठे माणूस नसेल, तर तेथे वसतिगृह आहे असे मी मानत नाही.

प्रश्न : शाळेत मोबाइल वापरायला बंदी आहे. मुलीला लपवून एखादा साधा फोन देऊन ठेवावा का? — एक आई

उत्तर : देऊ नये. तो पकडला जाईल ही भीती दुय्यम आहे. लपवलेल्या वस्तूची राखण करण्यात मुलीचे लक्ष दिवसभर अडकेल आणि अडचणीच्या वेळी रेक्टरांकडे जाण्याची तिची वाट बंद होईल, कारण तिच्याजवळ आधीच लपवण्यासारखे काही असेल. आठवड्याचा एक फोन कमी वाटत असेल, तर दोन करू द्या असे शाळेकडे मागावे. पत्रेही लिहावीत. पत्र कितीही वेळा वाचता येते, उशीखाली ठेवता येते आणि त्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे, पाच वर्षे बाहेर राहतो. सुट्टीत घरी गेलो की पाहुण्यासारखे वाटते. माझ्या खोलीत आता इस्त्रीचे टेबल आहे. सगळे प्रेमाने वागतात, पण टक्के किती पडले याखेरीज कोणाला काय विचारावे ते कळत नाही, आणि मलाही काय बोलावे ते सुचत नाही. चार दिवसांनी शाळेची आठवण येऊ लागते आणि मग अपराधी वाटते. — दहावीतील विद्यार्थी

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. सहावीत ट्रंकेवर बसून घरासाठी रडणारी मुले दहावीत घरी जाऊन शाळेसाठी झुरतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की तुला मनापासून सांगतो : यात तुझे काहीही चुकलेले नाही. ज्या मुलांबरोबर तू पाच वर्षे एका ओळीत झोपलास, त्यांना तुझ्या सवयी आज घरच्यांहून अधिक ठाऊक आहेत. घरच्यांवरचे प्रेम त्यामुळे कमी झालेले नाही. रोजच्या बारीकसारीक गोष्टी सांगण्याचा सराव मात्र दोन्हीकडून सुटला आहे. तुझ्या आईवडिलांना तुझ्या दिवसातली एकच गोष्ट नेमकी ठाऊक असते, ती म्हणजे प्रगतिपुस्तक. म्हणून ते त्याविषयीच विचारतात.

त्यांना दुसरे काही विचारता येईल एवढी सामग्री तूच पुरव. शाळेत असताना दर आठवड्याला एका छोट्या गोष्टीची नोंद ठेव : कोणत्या तासाला काय पटले नाही, कोणाशी भांडण झाले आणि ते कसे मिटले, अभ्यासिकेत एखादे प्रमेय अचानक कसे उलगडले. ही वही घरी घेऊन जा आणि पहिल्या संध्याकाळी तिच्यातले एकच पान आईला वाचून दाखव. आणि पाहुण्यासारखे वाटू नये यासाठी, पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घरातले रोजचे एक काम मागून घे आणि सुट्टीभर ते दुसऱ्या कोणाला करू देऊ नकोस. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. तुझ्या खोलीत इस्त्रीचे टेबल आहे, असे तू लिहिले आहेस. घरातल्या सर्वांचे कपडे तू इस्त्री कर. एकेक जण आपले कपडे घ्यायला खोलीत येईल, थोडा वेळ दारात उभा राहील, आणि तेव्हा टक्क्यांवाचून काही बोलणे निघेल.